वाढते वय : अवधान आणि व्यवधान

लखनौच्या अमीनाबाद भागात बांगड्या, टिकल्या, किनारी आणि शृंगाराच्या वस्तूंची, अरुंद गल्ल्यांची एक बाजारपेठ आहे. तिचे नाव 'गडबडझाला'. हिंदीत या शब्दाचा अर्थ सावळागोंधळ असा होतो आणि तेथे एकदा जाऊन आलेला कोणीही हे नाव चुकीचे आहे असे म्हणणार नाही. अवधच्या नबाबी काळातील अमीनुद्दौला या वजिराच्या नावावरून ओळखला जाणारा अमीनाबाद हा आज शहरातील अत्यंत गजबजलेला भाग आहे. चिकनच्या कुर्त्यांची दुकाने, कबाबाच्या तव्यांवरून येणारा वास, कुल्फी, अत्तरे, पुस्तके, सायकलरिक्षा, ई-रिक्षांचे भोंगे आणि ठेलेवाल्यांच्या आरोळ्या हे सारे येथे एकाच वेळी माणसाच्या डोळ्यांवर, कानांवर आणि नाकावर येऊन आदळते. गुरुवारची साप्ताहिक सुटी वगळता हा गलबला सहसा थांबत नाही.

पंचविशीतील तरुण या गर्दीतून वाट काढताना मोबाईलवर बोलतो, भावही करतो आणि सुट्टे पैसेही मोजून घेतो. त्याच गल्लीत सत्तरीच्या गृहस्थांची स्थिती निराळी असते. दुकानदाराने सांगितलेला भाव मागच्या भोंग्यासरशी मनातून निघून जातो. यादीतील तिसरी वस्तू राहून जाते. हिशेब चालू असताना कोणी हाक मारली तर पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागते. घरी परतल्यावर कोणीतरी हसत हसत म्हणते, 'साठी बुद्धी नाठी.' ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी इतकी रुळली आहे की तिची सत्यता तपासून पाहावी असे सहसा कोणास वाटत नाही. गेल्या चार दशकांत मानसशास्त्राने आणि मेंदूविज्ञानाने ती तपासली. त्यातून पुढे आलेले चित्र म्हणीपेक्षा बरेच गुंतागुंतीचे आहे आणि ज्येष्ठांच्या दृष्टीने पुष्कळसे आश्वासकही आहे.

दारावरचा पहारेकरी

लक्ष देणे ही एकच क्रिया आहे असे आपण समजतो. वस्तुतः तीत दोन क्रिया असतात. जे हवे ते मनाच्या पुढ्यात धरून ठेवणे, ही पहिली. जे नको ते बाहेर थोपवून धरणे, ही दुसरी. मराठीने या दोहोंसाठी शेजारशेजारचे शब्द दिले आहेत. पहिले ते अवधान; आणि ज्याला थोपवायचे ते व्यवधान. बँकेतील उदाहरण घ्यायचे तर खिडकीपलीकडचा रोखपाल पहिले काम करतो आणि दारावरचा पहारेकरी दुसरे. रोखपाल कितीही निष्णात असला तरी पहारेकऱ्याने ज्याचे काम नाही अशा प्रत्येकाला आत सोडले, तर खिडकीपुढे गर्दी होणारच.

१९५३ साली ब्रिटिश शास्त्रज्ञ कॉलिन चेरी यांनी या पहारेकऱ्याची पहिली पद्धतशीर परीक्षा घेतली. त्यांनी श्रोत्यांच्या दोन कानांत दोन निरनिराळी भाषणे ऐकविली आणि त्यांपैकी एकच भाषण मोठ्याने म्हणून दाखवायला सांगितले. श्रोत्यांना ते जमले. मात्र दुसऱ्या कानातील भाषणात काय होते, हे त्यांना जवळजवळ काहीच सांगता आले नाही. त्याआधी, १९३५ साली, जॉन रिडली स्ट्रूप या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने एक साधी चाचणी प्रसिद्ध केली होती. ती घरीही करून पाहता येते. हिरव्या शाईने 'लाल' असा शब्द लिहावा, निळ्या शाईने 'पिवळा' लिहावा आणि समोरच्यास शब्द न वाचता केवळ शाईचा रंग सांगावयास सांगावे. जीभ अडखळतेच, कारण वाचता येणाऱ्या माणसाला समोरचा शब्द न वाचणे फार कठीण जाते. वय वाढते तसा हा अडखळण्याचा काळही वाढतो, असे पुढील अनेक प्रयोगांत दिसून आले.

तो का वाढतो, या प्रश्नाचे एक ठाम उत्तर १९८८ साली लिन हॅशर आणि रोझ झॅक्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी मांडले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, उतारवयात मनाची साठवणूक आकसते म्हणून विसर पडतो असे नव्हे, तर अनावश्यक गोष्टी दाबून ठेवण्याची शक्ती क्षीण होते आणि त्यामुळे मनात अडगळ साचते. ही अडगळ हव्या त्या गोष्टीची जागा अडवते. १९९१ साली हॅशर, झॅक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा एक सुरेख पडताळा घेतला. तिरप्या ठशात छापलेला एक उतारा तरुणांना आणि ज्येष्ठांना मोठ्याने वाचावयास दिला. उताऱ्यात मध्येच निराळ्या ठशातील शब्द पेरलेले होते; ते वगळून वाचायचे होते. दोन्ही गटांचा वेग मंदावला, परंतु ज्येष्ठांचा फारच अधिक. पेरलेले शब्द उताऱ्याच्या विषयाशी जुळणारे असले म्हणजे तर त्यांची अडचण आणखी वाढे.

यावर एक आक्षेप साहजिक आहे. वयाबरोबर मेंदूचे सगळेच व्यवहार सावकाश होतात. मग हा वेगळा दोष कशाला मानावयाचा? टिमथी सॉल्टहाउस यांच्यासारख्या नामवंत संशोधकाने वेगातील घट हेच वार्धक्यातील बौद्धिक बदलांचे प्रमुख कारण असल्याचे आग्रहाने मांडले. या वादाचा संपूर्ण निकाल अद्याप लागलेला नाही. रोखपालही थोडा सावकाश होतो, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि पहारेकऱ्याच्या शैथिल्याचा एक पुरावा असा मिळाला की जो केवळ मंदगतीने समजावून सांगणे अवघड आहे.

तो पुरावा २००५ साली अ‍ॅडम गॅझली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात केलेल्या प्रयोगातून आला. सहभागी व्यक्तींना माणसांचे चेहरे आणि निसर्गदृश्ये आलटून पालटून दाखविली. कधी 'चेहरे लक्षात ठेवा, दृश्यांकडे दुर्लक्ष करा', तर कधी याच्या उलट सूचना दिली. आणि चित्रे पाहताना मेंदूच्या संबंधित भागांतील हालचाल यंत्राने टिपली. जे लक्षात ठेवायचे होते त्याच्याबाबतीत तरुण आणि ज्येष्ठ यांच्या मेंदूत जवळजवळ सारखीच वाढीव हालचाल दिसली. ज्याकडे दुर्लक्ष करायचे होते, तेथे मात्र तरुणांच्या मेंदूतील हालचाल दबली. ज्येष्ठांच्या मेंदूत ती पुरेशी दबली नाही. म्हणजे अवधान शाबूत होते. कमी पडला तो व्यवधानाला आवर. याच संशोधकांनी २००८ साली आणखी बारकाईने पाहिले, तेव्हा आवर घालण्याची ही क्रिया ज्येष्ठांत नाहीशी झालेली नसून ती उशिरा सुरू होते, असे दिसले. सेकंदाच्या अगदी लहानशा अंशाचा हा उशीर. पण तेवढ्यात नको असलेला पाहुणा आत शिरलेला असतो.

या प्रयोगातील एक गोष्ट म्हण वापरणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ज्या ज्येष्ठांची तात्पुरती स्मृती उत्तम होती, त्यांची नको ते दाबण्याची शक्तीही तरुणांइतकीच शाबूत आढळली. सर्व ज्येष्ठांचे वार्धक्य सारखे नसते. सत्तरीतील दोन व्यक्तींमधील अंतर पंचविशीतील दोन व्यक्तींमधील अंतरापेक्षा पुष्कळदा अधिक असते.

हाक ऐकू का येत नाही?

बँकेच्या शाखेत, विशेषतः नोव्हेंबर महिन्यात, निवृत्तिवेतनधारक हयातीचा दाखला देण्यासाठी येतात तेव्हा एक प्रसंग वारंवार घडतो. ज्येष्ठ गृहस्थ अर्ज भरण्यात गुंतलेले असतात. त्यांचे नाव पुकारले जाते. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. शेजारचा माणूस हात लावतो तेव्हा ते दचकून वर पाहतात. कर्मचाऱ्यांचा समज होतो की यांना ऐकू येत नाही. काही वेळा तसे असतेही. पण दरवेळी दोष कानांचाच नसतो.

नको असलेल्या कानात पेरलेले स्वतःचे नाव किती जणांना ऐकू येते, याचा शोध १९५९ साली नेव्हिल मोरे यांनी घेतला होता. सुमारे एकतृतीयांश श्रोत्यांना ते ऐकू आले. ज्येष्ठांचा पहारेकरी ढिला असेल तर त्यांना आपले नाव अधिक वेळा ऐकू यायला हवे, असा तर्क कोणीही करील. २०१४ साली अमेरिकेत हा प्रयोग ज्येष्ठांवर केला गेला, तेव्हा उलटेच घडले. त्यांच्यापैकी फारच थोड्यांना आपले नाव जाणवले. हातातल्या कामासाठीच त्यांचे सारे अवधान खर्ची पडत असावे आणि बाजूला डोकावण्यास काही शिल्लक उरत नसावे, असा त्याचा एक अर्थ लावता येतो. पहारेकऱ्याची उपमा येथे अपुरी पडते, हे कबूल करणेच इष्ट. ज्येष्ठ माणूस प्रत्येक आवाजाने विचलित होतो असेही नाही आणि काहीच ऐकत नाही असेही नाही. एका वेळी एकच काम सोपविले तर ते तो नीट पार पाडतो, एवढे मात्र दोन्ही प्रयोगांतून निघते.

व्यत्ययाचा प्रकार आणखी वेगळा. व्यवधान म्हणजे ज्याकडे दुर्लक्ष करायचे ते. व्यत्यय म्हणजे हातातले काम थांबवून ज्याला उत्तर द्यावेच लागते ते. धनादेशावर रक्कम लिहीत असताना मोबाईल वाजला, दोन शब्द बोलून झाले आणि पुन्हा धनादेशाकडे वळायचे आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की तरुणांचा मेंदू व्यत्यय संपताच त्याला सोडून मूळ कामाशी पुन्हा जोडला जातो. ज्येष्ठांच्या मेंदूत व्यत्ययाची छाया रेंगाळते. फोन खाली ठेवलेला असतो, मन मात्र अजून फोनवरच असते. अंकात बरोबर आणि अक्षरात चुकलेली रक्कम, विसरलेली सही किंवा एटीएममध्येच राहिलेले कार्ड, अशा गोष्टी घडण्याची ही हमखास वेळ होय.

चालणे हेसुद्धा अवधान मागणारे काम आहे, हे तरुणपणी जाणवत नाही. १९९७ साली स्वीडनमधील संशोधकांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटासा अहवाल प्रसिद्ध केला. ज्येष्ठांसाठीच्या निवासात राहणाऱ्या ५८ जणांशी चालता चालता बोलणे सुरू केले. त्यांपैकी १२ जण बोलण्यासाठी थांबले आणि या थांबणाऱ्यांपैकी बहुतेक जण पुढील सहा महिन्यांत कधीतरी पडले. ही चाचणी सर्वांना लागू करण्याइतकी अचूक नाही. न थांबणारेही पडले होते. पण तिच्यातून बोध घेण्यासारखा आहे. अमीनाबादेत वा दादरच्या बाजारात आजीबाई प्रश्न ऐकताच मध्येच उभ्या राहिल्या, तर मागून ढकलण्याऐवजी त्यांचे उत्तर पूर्ण होऊ द्यावे. त्या वेळ काढत नसतात. दोन कामांपैकी एक त्यांनी शहाणपणाने थांबविलेले असते.

गोंगाट, कान आणि कैसरबागेतील संगीत

डोळ्यांना नको ते टाळण्यासाठी मान फिरविता येते. कानांना पापण्या नाहीत. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे व्यापारी क्षेत्रात दिवसा ६५ आणि रात्री ५५ डेसिबल, तर निवासी क्षेत्रात अनुक्रमे ५५ आणि ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. गर्दीच्या बाजारपेठेत भोंग्यांमुळे ही मर्यादा सहज ओलांडली जाते, हे कोणत्याही भारतीय शहरातील नागरिकास सांगावयास नको.

वयपरत्वे प्रथम उंच स्वर ऐकू येणे कमी होते. बोलण्यातील स, श, त, फ यांसारखी व्यंजने बव्हंशी याच उंच स्वरांच्या आधारावर ओळखू येतात. त्यामुळे ज्येष्ठांना आवाज ऐकू येतो पण शब्द कळत नाही. 'साठ' की 'आठ', असा घोटाळा होतो. गोंगाटात तर हरवलेल्या अक्षरांची भरपाई तर्काने करावी लागते. तर्क करण्यात अवधान खर्च झाले की बोलणाऱ्याने काय सांगितले ते लक्षात ठेवण्यास थोडेच उरते. म्हणून कानांची तपासणी ही केवळ कानांची बाब राहत नाही. स्मृतिभ्रंशाच्या प्रतिबंधाविषयी 'लॅन्सेट'ने नेमलेल्या आयोगाने २०१७, २०२० आणि २०२४ या तिन्ही अहवालांत श्रवणशक्तीतील घट ही टाळता येण्याजोग्या धोक्यांपैकी एक म्हणून नोंदविली आहे. चष्मा लावण्यात कमीपणा न मानणारा आपला समाज श्रवणयंत्र मात्र खिशात लपवितो, ही खेदाची गोष्ट आहे.

अमीनाबादपासून जवळच असलेल्या कैसरबागेत मराठी वाचकांच्या जिव्हाळ्याची एक संस्था उभी आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ साली लखनौत 'मॅरिस कॉलेज' या नावाने संगीत महाविद्यालय सुरू झाले. पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी त्याचे प्राचार्यपद दीर्घकाळ सांभाळले. वाजिद अली शाहच्या काळातील परीखान्याच्या वास्तूत नांदणारी ही संस्था आज भातखंडे यांच्याच नावाचे विद्यापीठ आहे. तानपुऱ्याच्या झंकारात बारीकसा बेसूर शोधणारा कान उतारवयात काही वेगळा ठरतो काय? भारतीय संगीतकारांचा हिशेब बाजूला ठेवू. पाश्चात्त्य संगीतकारांबाबत कॅनडातील झेंडल आणि अ‍ॅलन यांनी २०१२ साली याचे उत्तर शोधले. १८ ते ९१ वर्षे वयाच्या १६३ व्यक्तींची त्यांनी तपासणी केली; त्यांत ७४ संगीतकार होते. गोंगाटातून बोलणे ओळखण्याच्या चाचणीत सत्तर वर्षांचा सरासरी संगीतकार पन्नास वर्षांच्या सरासरी बिगर-संगीतकाराच्या बरोबरीस आला. दोघांच्या कानांचे यंत्र सारखेच झिजत होते. फरक होता तो ऐकलेल्याची निवड करणाऱ्या मेंदूत. संगीतामुळेच हा लाभ झाला की मुळात तसा मेंदू असलेले लोक संगीतात टिकले, हे एवढ्यावरून ठरविता येत नाही. तरी साठीनंतर पेटी शिकावयास घेणाऱ्या आजोबांना हसण्याचे कारण नाही.

उणे आणि अधिक

जमाखर्चात एकच बाजू पाहून भागत नाही. ज्येष्ठांच्या मनात शिरलेली अडगळ कधीकधी उपयोगी पडते. २००७ साली हॅशर आणि झॅक्स यांनी सहकाऱ्यांसह केलेल्या प्रयोगात, वाचताना वगळावयास सांगितलेले शब्दच पुढे एका शब्दकोड्याची उत्तरे म्हणून योजले होते. तरुणांनी ते शब्द इमानाने वगळले होते, त्यामुळे त्यांना कोडी सोडविताना त्यांचा उपयोग झाला नाही, ज्येष्ठांना झाला. गल्लीतल्या कोणत्या दुकानाने पाटी बदलली, शेजारच्या रांगेत कोण कशासाठी उभे होते, हे आजोबांना ठाऊक असते आणि नातवाला नसते, याचे नवल वाटावयास नको.

अनुभवाचे दान तर त्याहून मोठे. सॉल्टहाउस यांनी १९८४ साली १९ ते ७२ वर्षे वयाच्या टंकलेखकांचा अभ्यास केला. ज्येष्ठांच्या बोटांची प्रतिक्रिया मंद झाली होती, परंतु टंकलेखनाचा वेग तरुणांइतकाच होता. याचे कारण असे की ते समोरच्या मजकुरात तरुणांपेक्षा अधिक पुढची अक्षरे वाचून बोटांना आधीच तयार ठेवीत. लखनौच्या चिकनकामाला २००८ साली भौगोलिक उपदर्शनाची मान्यता मिळाली. ते काम बहुतांशी स्त्रिया घरी बसून करतात. मुर्री आणि फंदा यांसारखे बारीक टाके वर्षानुवर्षे घातलेल्या हातालाही अशीच पुढची नजर असावी, असे मानण्यास जागा आहे.

वेळेचाही परिणाम होतो. ज्येष्ठांपैकी बहुतेकांची बुद्धी सकाळी अधिक तरतरीत असते आणि तरुणांची दुपारनंतर. व्यवधानांना थोपविण्याची शक्तीही याच वेळापत्रकाने चालते, हे १९९० च्या दशकापासून अनेकदा दिसून आले आहे. २०१४ साली टोरँटोतील संशोधकांनी मेंदूच्या हालचाली पाहून याची पुष्टी केली. सकाळी तपासलेल्या ज्येष्ठांनी दुपारी तपासलेल्या ज्येष्ठांपेक्षा नको त्या गोष्टींकडे अधिक चांगले दुर्लक्ष केले. मुदत ठेवीचे नूतनीकरण, नामनिर्देशनाचा अर्ज, मृत्युपत्रावरील सही ही कामे जेवणानंतरच्या सुस्तीत उरकण्याऐवजी सकाळी शाखा उघडताच करावीत. गर्दीही तेव्हा कमी असते.

मेंदूला व्यायाम दिला तर काय होते? अमेरिकेत ६५ ते ९४ वर्षे वयाच्या २,८३२ व्यक्तींवर झालेल्या मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. ज्या कौशल्याचे शिक्षण दिले ते सुधारले, पण त्याचा लाभ इतर कौशल्यांना फारसा झाला नाही. दहा वर्षांनंतरही विचारशक्ती आणि आकलनवेग यांतील सुधारणा काही अंशी टिकून होती. स्मरणशक्तीतील टिकली नाही. मोबाईलवरील खेळ खेळून बुद्धी तल्लख होईल, अशा जाहिरातींवर पैसे खर्च करण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे. परिसर बदलणे हा त्याहून स्वस्त आणि खात्रीचा मार्ग आहे.

खिडकीच्या दोन्ही बाजूंना

परिसर बदलणे म्हणजे काय, हे हॅशर आणि झॅक्स यांच्या गटाने १९९५ साली केलेल्या प्रयोगावरून समजते. वाचनाचा तोच प्रयोग. मात्र नको असलेले शब्द या वेळी नेहमी ठरावीक जागी छापले होते. एवढ्याने ज्येष्ठांची अडचण जवळजवळ नाहीशी झाली. व्यवधान कोठे असेल हे आधीच ठाऊक असले तर त्याला टाळणे साधते. दरवेळी नव्या जागी उगवणारे व्यवधान मात्र छळते. शाखेतील सूचनाफलक, टोकनचा आकडा दाखविणारा पडदा आणि पावतीवरील रकमेची चौकट यांची जागा वारंवार बदलू नये, ही साधी गोष्ट यातून निघते. मोबाईल बँकिंगच्या पडद्यावर अचानक उसळून येणाऱ्या जाहिराती ज्येष्ठ ग्राहकाच्या सर्वाधिक त्रासाच्या ठरतात, त्या याच कारणाने.

रिझर्व्ह बँकेने ९ नोव्हेंबर २०१७ च्या परिपत्रकाद्वारे ज्येष्ठ नागरिकांसाठी स्वतंत्र वा प्राधान्य असलेली खिडकी आणि सत्तर वर्षांवरील ग्राहकांना घरपोच मूलभूत सेवा देण्याच्या सूचना बँकांना दिल्या. १० नोव्हेंबर २०१४ रोजी सुरू झालेल्या 'जीवन प्रमाण' योजनेमुळे हयातीचा दाखला संगणकीय पद्धतीने देता येतो, आणि गर्दीत उभे राहण्याची गरजच उरत नाही. परंतु स्वतंत्र खिडकी गलबल्याच्या मध्यभागी असली, तर तिचा अर्धा उपयोग वाया जातो. ती दारापासून आणि दूरचित्रवाणीच्या पडद्यापासून दूर असावी. कर्मचाऱ्याने ग्राहकाकडे पाहून, एका वेळी एकच गोष्ट सांगावी. 'इथे सही करा, तिथे तारीख टाका आणि आधारची प्रत काढून आणा' असे एका दमात म्हणू नये. ग्राहक नोटा मोजत असताना काहीही विचारू नये. नाव पुकारूनही प्रतिसाद न आल्यास उठून जवळ जावे. या कशालाही खर्च येत नाही.

ग्राहकांच्या बाजूनेही थोडी शिस्त हवी. पैसे काढताना फोन बंद ठेवावा. नोटा, कार्ड आणि पावती जागच्या जागी ठेवल्याशिवाय एटीएमपासून हलू नये. बोलावयाचे मुद्दे चिठ्ठीवर लिहून आणावेत. चिठ्ठी हे विसराळूपणाचे लक्षण नव्हे. वैमानिकही उड्डाणापूर्वी यादी वाचतात.

दूरध्वनीवरून फसविणारे चोर अवधानाच्या याच मर्मावर बोट ठेवतात. ते प्रथम भीती घालतात, नंतर घाई करतात आणि फोन ठेवूच देत नाहीत. 'तुमच्या नावे पार्सल सापडले आहे', 'खाते गोठविले जाईल', 'कोणाशी बोलू नका' असा अखंड मारा चालू असताना मनात उमटलेली शंकाही टिकत नाही. तिला धरून ठेवण्यास अवधानच उरलेले नसते. तथाकथित 'डिजिटल अरेस्ट' अशी कोणतीही तरतूद कायद्यात नाही, हे पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये स्पष्ट केले होते. फसवणूक कोणत्याही वयात होते, तरुण अधिकाऱ्यांचीही झालेली आहे. बचावाचा उपाय एकच : फोन ठेवून देणे. संभाषण तुटले की मारा थांबतो आणि विचार परत येतो. त्यानंतर घरच्यांशी बोलावे, शाखेत कळवावे, पैसे गेले असल्यास तात्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

अनेक घरांत अशा एखाद्या चुकीनंतर मुले वडिलांकडून पासबुक आणि चेकबुक काढून घेतात. हेतू चांगला असतो, परंतु आयुष्यभर घराचा हिशेब सांभाळलेल्या माणसास तो घाव खोल लागतो. शिवाय वर पाहिल्याप्रमाणे त्यांची समज गेलेली नसते; गोंगाट आणि घाई सोसण्याची शक्ती तेवढी उणावलेली असते. शांत खोलीत, सकाळच्या वेळी, एका वेळी एक कागद समोर ठेवला तर हेच वडील व्याजदराची तुलना मुलापेक्षा चोख करतील. मोठ्या रकमेच्या व्यवहारांवर मर्यादा घालणे, प्रत्येक व्यवहाराचा संदेश घरातील आणखी एका विश्वासू व्यक्तीस जाईल अशी सोय त्यांच्या संमतीने करणे, हे मार्ग अधिक सुज्ञपणाचे आहेत.

अर्थात प्रत्येक विस्मरण वयावर सोडून देणेही धोक्याचे. गलबल्यात पिन क्रमांक क्षणभर न आठवणे वेगळे आणि तीस वर्षे चाललेल्या गल्लीत घराची वाट न सापडणे वेगळे. नेहमीचा हिशेब मुळीच न जमणे, तेच बिल पुन्हा पुन्हा भरणे, ओळखीच्या माणसास न ओळखणे किंवा काही दिवसांतच एकाएकी गोंधळ वाढणे ही लक्षणे दिसल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा. थायरॉइडचा विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, खिन्नता, झोपेच्या किंवा सर्दीच्या काही गोळ्या यांमुळेही असे घडते आणि त्यावर उपचार आहेत. लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठात वृद्धांच्या मानसिक आरोग्यासाठी स्वतंत्र विभाग आहे. मुंबई-पुण्यातील मोठ्या रुग्णालयांतही हा सल्ला मिळू शकतो. तपासणीस जाताना चालू असलेल्या सर्व औषधांची यादी, चष्मा आणि असल्यास श्रवणयंत्र सोबत न्यावे, आणि शक्यतो सकाळची वेळ मागून घ्यावी.